विलायती पाणी आणि विटाळाचे गणित

महाडच्या १९२७ सालच्या परिषदेविषयी आपण पुष्कळ बोलतो. १९ आणि २० मार्चला जमलेल्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, सवर्णांनी दंगल केली, नंतर पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाण्याची 'शुद्धी' केली, हे सारे आपल्या मुलांनाही पाठ आहे. परंतु त्याच परिषदेचा एक हिशेब फारसा कोणी सांगत नाही. जमलेल्या लोकांना पिण्यासाठी पाणी लागणार होते. ते अस्पृश्यांना गावातून मिळणे शक्य नव्हते. म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे सार्वजनिक, पाणी पावसाचे, आणि तरीही किंमत चाळीस रुपये. पाण्याला भाव असतो हे आपल्या समाजाला कळण्यासाठी बाटलीबंद पाण्याच्या कंपन्यांची वाट पाहावी लागलेली नाही.

बाटलीतल्या पाण्याचाही या देशात एक इतिहास आहे, आणि तो व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनचा आहे. सोडावॉटर, लेमन, जिंजर, रासबेरी ही नावे ऐकली की सुशिक्षित वाचकाला इराणी हॉटेल आठवते, पारशी लग्नातली पंगत आठवते. त्या आठवणींशी आपले भांडण नाही. आपला प्रश्न निराळा आहे. ज्या समाजात पाण्याला माणसाचा हात लागला की विटाळ होतो, त्या समाजात कोणा परक्या माणसाने, कोणत्या पाण्यातून, कोणाच्या हातून भरलेली बाटली ओठापर्यंत कशी पोचली? आणि ती पोचली, तर ज्यांचा हात बाटतो असे म्हटले जाई त्यांना त्या बाटलीचा काही उपयोग झाला काय?

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. सोडावॉटरमध्ये बहुधा सोडा नसतो. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले याने १७६७ च्या सुमारास दारूच्या भट्टीवर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. जिनिव्हातल्या श्वेप नावाच्या कारागिराने १७८३ मध्ये त्याचा धंदा केला. कारखान्यात खडू किंवा संगमरवराचा चुरा घेत, त्यावर गंधकाम्ल ओतीत. जो वायू सुटे तो धुऊन, दाबून पाण्यात कोंबीत. पुढे हा वायू लोखंडी नळकांड्यातून तयार मिळू लागला आणि चुरा व आम्ल यांची दगदग संपली. खरी अडचण वायू करण्याची नव्हती, तो बाटलीत टिकवण्याची होती. बूच वाळले की वायू निसटे. म्हणून आरंभीच्या बाटल्या बुडाला गोल असत. त्या उभ्या राहूच शकत नसत, आडव्या ठेवल्या की बूच ओले राही. १८७२ मध्ये लंडनच्या हिरम कॉड याने मानेत काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. तोंडाच्या आतल्या बाजूस रबराचे कडे बसवायचे, बाटली उलटी धरून भरायची म्हणजे गोटी आपोआप तोंडाकडे येते, आणि आतला वायू तिला त्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. बूच नको, तार नको, लाख नको. बाटली रिकामी झाली की धुवा आणि पुन्हा भरा. १८९२ मध्ये अमेरिकेत पत्र्याचे दातेरी झाकण निघाले आणि युरोपात गोटीची बाटली हळूहळू मागे पडली. आपल्याकडे मात्र ती शंभर वर्षांहून अधिक टिकली. जत्रेत, बाजारात, सिनेमाच्या दारात 'फट्' असा आवाज होऊन फुटणारा गोटीसोडा कोणी पाहिला नाही? फुटलेल्या बाटलीतली गोटी मिळवण्यासाठी पोरे भांडत, हा त्या पेटंटाचा आमच्या वस्त्यांतला एकमेव नफा!

हे पाणी हिंदुस्थानात आले ते गोऱ्या शिपायाच्या पाठोपाठ. 'विलायती पाणी' हेच त्याचे बाजारातले नाव होते. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात ते नोंदलेले आहे. छावण्यांत पटकीने माणसे पटापट मरत. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो याने १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवले आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात तिचे जंतू दाखवले. साहेबाने विहिरीचे पाणी टाळले आणि बाटलीवर भरवसा ठेवला. तो भरवसा पुरता खरा नव्हता. घाण पाण्यात वायू भरला तरी पाणी निर्मळ होत नाही. पण बाटली बंद असते, वर कंपनीचे नाव असते, एवढे साहेबाला पुरेसे होते. आमच्या भागात याचे केंद्र कामठी. १८२१ मध्ये तिथे छावणी पडली, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास येऊन पोचली. छावणी, कचेरी आणि रेल्वे ही तीन गिऱ्हाइके जिथे एकत्र आली तिथे विलायती पाणी पोचले.

मुंबई-पुण्यात या धंद्यात जी नावे राहिली ती पारशी आणि इराणी आहेत. पालनजी १८६५ चे. पुण्याच्या लष्कर भागातील अर्देशीर १८८४ चे. मुंबईचे ड्यूक्स १८८९ चे. ड्यूक्सचे संस्थापक दिनशाजी कूपरजी पांडोळ हे क्रिकेटपटू होते आणि त्यांनी इंग्लंडातल्या चेंडू बनवणाऱ्या एका कंपनीचे नाव आपल्या पेयाला दिले. विकायचे पाणी मुंबईचे, पण नाव विलायती असल्याखेरीज गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नसे, हे त्या माणसाने बरोबर ओळखले होते. शंभरावर वर्षे तो धंदा चालला आणि १९९४ मध्ये पेप्सीने विकत घेतला.

पारशीच का, याचे उत्तर त्यांच्या उद्यमशीलतेत शोधण्याची आपल्या लेखकांना सवय आहे. उद्यमशीलता होतीच. पण आणखी एक गोष्ट होती, तिचा उल्लेख टाळला जातो. रिकामी बाटली ही उष्टी वस्तू. ती कोणाच्या तोंडाला लागली, तिच्यात काय होते, दारू होती की औषध, याचा पत्ता नाही. ती गोळा करणे, धुणे, पुन्हा भरणे हे काम सवर्ण हिंदूच्या धर्मात बसत नव्हते. पारशाला ही अडचण नव्हती. सर जमशेटजी जीजीभाई यांचाही आरंभीचा धंदा रिकाम्या बाटल्यांचाच होता आणि त्यांना 'बाटलीवाला' म्हणत, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे विटाळाच्या कल्पनेने एक अख्खा धंदा मोकळा सोडला आणि जो त्या कल्पनेच्या बाहेर होता त्याने तो उचलला. मग प्रश्न असा की, अस्पृश्य तर या व्यवस्थेच्या तळाशी होता, घाणीची सारी कामे त्याच्याच माथी होती. बाटलीचा धंदा त्याने का उचलला नाही? कारण उघड आहे. पारशाकडे भांडवल होते, छावणीचे ठेके होते, आणि मुख्य म्हणजे त्याने भरलेली बाटली विकत घेणारे गिऱ्हाईक होते. अस्पृश्याने भरलेली बाटली कोण घेणार होते?

इथे विटाळाचे गणित किती सोयीचे असते ते दिसते. मुंबईत १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने आले तेव्हा कर्मठांनी कुरकुर केली. नळात चामडे असते, पाणी कोणाकोणाच्या हाताखालून येते. काही दिवसांत कुरकुर थांबली, कारण नळाचे पाणी सोयीचे होते. पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहाचा पेला घेतला, तर केवढे ग्रामण्य माजले! टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. त्या वेळी लष्कर भागातला सोड्याचा कारखाना सहा वर्षे चालू होता. चहा समोर बसून, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पेल्यातून घ्यावा लागतो. बाटलीतल्या पाण्यामागचा माणूस दिसत नाही. जो दिसत नाही त्याचा विटाळ होत नाही. विटाळ पाण्यात असता तर तो बाटलीतही असता. तो पाण्यात कधीच नव्हता, तो माणसाला माणसासमोर खाली बसवण्याच्या रीतीत होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यांनी नेमकी ही रीत मोडली. त्या हौदातले पाणी बाटलीइतके महाग नव्हते, पण त्याचा धसका बाटलीपेक्षा किती तरी मोठा होता.

यंत्र आले की जात जाईल, रेल्वेने जात जाईल, गिरणीने जात जाईल, असे म्हणणारे विद्वान त्या काळी होते आणि आजही आहेत. १९०१ साली भीमराव नावाचा एक लहान मुलगा भावंडांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून रेल्वेने निघाला. मसूर स्टेशनवर ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. पुढे बैलगाडीच्या रात्रभराच्या प्रवासात शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही, आणि मुले उपाशी निजली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात सांगितले आहे. रेल्वे होती, डबा होता, तिकिटाचे पैसेही होते. ड्यूक्सचा कारखाना निघून तेव्हा बारा वर्षे झाली होती! गिरणीचेही तेच. मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्याचा पगार चांगला, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नसे. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावणार नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र विलायतचे, धोटा विलायतचा. त्याच्याभोवतीचा विटाळ मात्र अस्सल स्वदेशी.

मग बाटलीने काहीच केले नाही काय? तसे म्हणणेही बरोबर होणार नाही. खेड्यातल्या हॉटेलातली वेगळी कपबशी आपण सर्वांनी ऐकली-पाहिली आहे. कोनाड्यात किंवा बाहेर खुंटीला लटकवलेली, महाराने स्वतः उतरवायची, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन ठेवायची. कपबशी वेगळी ठेवता येते कारण ती दुकानातच राहते. गोटीची बाटली वेगळी ठेवता येत नाही. ती कारखान्याच्या मालकीची असते, रिकामी झाली की फळ्यांच्या खोक्यात बसून परत जाते, एकाच हौदात धुतली जाते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या हातात पडेल याचा नेम नसतो. पाटलाच्या मुलाने आणि महाराच्या मुलाने एकाच बाटलीतून वेगवेगळ्या दिवशी सोडा प्यायला असेल, आणि ते दोघांनाही कळले नसेल. हा काही समतेचा विजय नव्हे. न कळता झालेली समता म्हणजे समता नव्हे. कळले असते तर त्याच पाटलाने बाटली फोडली असती. आणि दुकानदाराने गोटी आत ढकलून बाटली द्यायची ती महाराच्या हातात की जमिनीवर ठेवून, हा प्रश्न उरतोच. बाटलीच्या आत विटाळ शिरू शकला नाही, तो बाटलीच्या बाहेर अंगठ्याएवढ्या जागेत उभा राहिला.

या बाटल्या धुणाऱ्या-भरणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. वायूच्या दाबाने बाटली हातात फुटे. काचा डोळ्यांत जात. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाटल्या भरणाऱ्यांना तोंडावर जाळी आणि हातावर जाड मोजे देण्याचे खास नियम झाले. आपल्याकडे १८८१ चा कारखाना कायदा शंभर किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यालाच लागू होता, १८९१ मध्ये ती मर्यादा पन्नासावर आणि १९२२ मध्ये वीसावर आली. तालुक्याच्या गावी चारपाच माणसांवर चालणारा सोड्याचा कारखाना यांपैकी कोणत्याच कायद्यात बसत नव्हता. हाताने चाक फिरवणारा, काचेने बोटे कापून घेणारा मजूर कायद्याच्या दृष्टीने कारखान्यातला मजूरच नव्हता.

आता ज्या घटनेसाठी हा सारा पसारा मांडला तिच्याकडे येऊ. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे मोतद्दार होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांना हे कळले. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. महाराचे हॉटेल! तिथे कोण येणार? शाहू महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवीत, गंगारामांच्या हातचा चहा मागवून घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही देत. राजाने दिलेला चहा नाकारायचा कसा? ही गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून नेहमी सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र सांगताना गळतो. महाराज चहावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना सोडावॉटरचे यंत्र घेऊन दिले.

या यंत्राचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चहा पिऊन महाराजांनी रूढी मोडली. यंत्र देऊन त्यांनी भांडवल दिले. चहाचे गिऱ्हाईक महाराजांची गाडी उभी असेपर्यंतच हमखास होते. सोड्याची बाटली दुकानाबाहेर जाते, दुसऱ्याच्या दुकानात विकली जाते, पेठेत फिरते. हौदाला हात लावला म्हणून ज्याची पाठ फोडली, तोच माणूस आता गावाला पाणी भरून देणार होता, किंमत घेऊन. महाराजांना या गोष्टीचा विनोद कळत नसेल असे मला वाटत नाही. याच काळात, १९१९ मध्ये, त्यांनी संस्थानातील सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यांना मज्जाव करू नये असे हुकूम काढले होते. हुकूम आणि यंत्र ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत. आपल्या चळवळीने हुकूम लक्षात ठेवला, यंत्र विसरली.

महाराज १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आले, तेव्हा इथली भूमी तयार होती, आणि ती तयार करणाऱ्यांत आमच्या कळमेश्वर तालुक्यातील मोहपा गावी १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागूजी बनसोडे होते. त्यांनी सोडा विकला नाही. त्यांनी छापखाना घातला. १९१० चे 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ चे 'विटाळ विध्वंसक', नंतरचे 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' ही पत्रे त्यांनी चालवली. धर्मांतराच्या प्रश्नावर पुढे त्यांची वाट बाबासाहेबांपासून वेगळी झाली, म्हणून त्यांचे हे काम लहान होत नाही. 'विटाळ विध्वंसक' हे नावच पाहा! दुसऱ्याच्या छापखान्यात हे नाव खिळ्यांनी जुळवून घेताना किती अडथळे आले असते याची कल्पना करता येते. मोहप्याच्या माणसाला छापयंत्राचे आणि कोल्हापूरच्या माणसाला सोड्याच्या यंत्राचे जे महत्त्व होते ते एकच. विटाळाची कल्पना नुसत्या वादात हरत नाही. ती हरवायला एखादे साधन आपल्या मालकीचे लागते. एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात हजारो हातांना काम देत होती, पण मिलचे यंत्र चालवणारा हात त्या यंत्राचा मालक नव्हता.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी आणि स्नानघाट सर्वांना खुले केले, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरवले. दुकान आणि विहीर ही दोन्ही घटनाकारांनी एकाच कलमात घातली, ते उगाच नव्हे. बाटलीचा धंदाही बदलला. १९६५ मध्ये मुंबईत बिसलेरी आली आणि चारच वर्षांत पार्लेने ती घेतली. मग वायूचीही गरज उरली नाही, नुसते पाणीच विकले जाऊ लागले. नागपूरच्या संत्रा बागाईतदारांच्या संघाने काढलेली 'नोगा'ची सरबते पुढे राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेली. काटोल-कळमेश्वरच्या संत्र्याचा रस असा बाटलीत गेला. बाग राखणारा, फळ तोडणारा, पेट्या उचलणारा भूमिहीन मजूर होता तिथेच राहिला. अलीकडे, २०२५ मध्ये, गोटीसोडा परदेशी निर्यात होऊ लागल्याचे सरकारने अभिमानाने जाहीर केले. इंग्लंडची बाटली इंग्लंडला परत गेली म्हणायची.

आज कळमेश्वरच्या कोणत्याही टपरीवर पैसे टाकले की थंड बाटली मिळते आणि जात विचारली जात नाही. हा फरक खरा आहे; त्याला क्षुल्लक म्हणणाऱ्याने १९०१ सालची ती बैलगाडी आठवावी. परंतु पैसे टाकून मिळणारे पाणी आणि हक्काने मिळणारे पाणी यांतले अंतर अजून मिटलेले नाही. जिथे पाणी विकले जात नाही, जिथे ते माठात, विहिरीत, शाळेच्या टाकीत सर्वांसाठी असते, तिथेच अजूनही हात अडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या ऐन आठवड्यात, राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात एका नऊ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. शाळेतल्या माठाला शिवला म्हणून शिक्षकाने त्याला मारले, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप होता. माठाची गोष्ट खोटी आहे असे सांगणारेही लगेच पुढे आले. बाटलीविषयी असा वाद कधी होत नाही.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्यांच्या राजघराण्याने, सरदारांनी किंवा संस्थानच्या दरबाराने त्यांचे स्मारक उभारण्याआधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी उभारले होते.